ठेका हवा, पण माणूस नको!

चँडलरमध्ये मराठी घरे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. इंटेलच्या कारखान्यांनी आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या कंपन्यांनी मुंबई-पुण्याची मंडळी ॲरिझोनाच्या ह्या वाळवंटात आणून वसविली, आम्हीही त्यांतलेच. ह्या घरांतून सणाला करंज्या होतात, मुलांना रविवारी बाराखडी गिरवायला बसवले जाते, आणि मुलांच्या खोलीचे दार लोटलेले असले तरी भिंतीपलीकडून जो ठेका घुमत असतो तो हिपहॉपचा असतो. वाढदिवस असो, मुंज असो, बार मिट्झ्वा असो, जेवणे आटोपली की तोच ठेका लागतो आणि आजोबांपासून नातवापर्यंत सारे हात वर करून नाचतात. ह्याबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच घरांतून ऐकू येणाऱ्या एका वाक्याबद्दल: "गाणी ऐक, पण त्या मुलांच्या नादी लागू नकोस." ती मुले म्हणजे कोणती हे कोणी विचारीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक असते.

आम्ही स्पष्टच लिहितो. ज्या लोकांचा ठेका आपल्याला हवा आहे, ते लोक मात्र आपल्याला नको आहेत. त्यांची टोपी चालते, त्यांचे बूट चालतात, त्यांच्या बोलण्याची ढब आपली मुले उचलतात तेव्हा आपण कौतुकाने हसतो. परंतु त्याच गाण्यात एखादा कलावंत आपण कोण, कुठून आलो, आपले पूर्वज कोणत्या मातीतले, असे विचारू लागला की आपल्या कपाळाला आठी पडते. "आता ह्यात राजकारण कशाला?" असे म्हटले जाते. आमचे म्हणणे असे की हा प्रश्नच त्या संगीताचे मूळ आहे, आणि परमुलखात आपली भाषा टिकविण्यासाठी धडपडणाऱ्या आपल्यासारख्यांना तो इतरांपेक्षा लवकर कळायला हवा होता.

प्रथम नेहमीचा आक्षेप घेऊ. ह्या गाण्यांत शिव्या, बंदुका, पैशाचा माज आणि स्त्रियांची विटंबना ह्यांवाचून आहे काय, असे विचारले जाते. तेही आहे, आणि पुष्कळ आहे. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण दुकानाच्या दर्शनी भागात जो माल मांडलेला असतो तोच दुकानातला सारा माल असे शहाणा गिऱ्हाईक समजत नाही. १९८८ साली जंगल ब्रदर्स ह्या न्यूयॉर्कच्या तरुणांनी आपली पहिली तबकडी एका लहान कंपनीतर्फे काढली, १९९० साली ब्रुकलिनच्या एक्स क्लॅनची 'टू द ईस्ट, ब्लॅकवर्ड्स' निघाली. त्या दोनचार वर्षांत काळी पोरे सोन्याच्या साखळ्या उतरवून गळ्यात आफ्रिकेचा नकाशा कोरलेली चामड्याची पदके घालीत होती. थोड्याच वर्षांत पदके गेली आणि साखळ्या परत आल्या. हे काय केवळ त्या पोरांच्या मनाने झाले? ज्या गाण्यात माणूस माणसाला मारतो ते गाणे विकायला सोपे, आणि ज्यात माणूस आपल्या खापरपणजोबाचे नाव शोधतो ते विकायला अवघड. मोठ्या कंपन्यांनी आणि नभोवाणी केंद्रांनी सोपे ते उचलले. ज्यांना दुसरे काही सांगायचे होते त्यांना आपली वाट आपण काढावी लागली, आणि त्या वाटेलाच आज स्वतंत्र हिपहॉप म्हणतात.

ह्या संगीताच्या जन्माची तारीख सांगितली जाते ती ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू ह्या इमारतीच्या सामाईक दालनात, जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क ह्या तरुणाने बहिणीसाठी नाचाची एक मैफल केली. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायला पैसे जमवायचे, एवढाच हेतू. गाणारा थांबून नुसता ताल वाजू लागला की लोकांच्या पायांत जोर येतो, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा लांबवीत नेई. गरिबाघरची ही युक्ती. वाद्ये घ्यायला पैसा नाही, तर जुन्या तबकड्यांचेच वाद्य केले. योगायोग असा की त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले, आणि ते त्यांनी अर्पण केले होते ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. पुण्यात बसून फुल्यांना जे नाते दिसले ते चँडलरमध्ये भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आपल्याला दिसू नये, ह्याला काय म्हणावे?

आता 'आफ्रिकाकेंद्री' ह्या शब्दाकडे वळू, कारण त्याचीच आपल्या लोकांना भीती वाटते. मोलेफी असांते ह्या प्राध्यापकांनी १९८० साली 'ॲफ्रोसेंट्रिसिटी' नावाचे पुस्तक लिहिले. त्यातला मुद्दा आपल्या साध्या भाषेत सांगायचा तर असा: काळ्या माणसाने स्वतःकडे गोऱ्या मालकाच्या ओसरीवरून पाहणे सोडावे आणि आपल्या अंगणातून जगाकडे पाहावे. जहाजातून उतरला तेव्हापासून त्याचा इतिहास सुरू होतो हे मानू नये. ह्यात दुसऱ्याचा द्वेष कुठे आला? कोकणातल्या माणसाने आपला इतिहास इंग्रज आला तेव्हापासून मोजू नये असे कोणी म्हटले, तर आपण त्याला द्वेष्टा म्हणतो काय?

आपल्यातल्या पोराला त्याचे आडनाव विचारा. पेणकर, नवगावकर, दिवेकर, राजपुरकर. आडनावातच गाव आहे; जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून दाखविता येते. गावी आज घर नसेल, तेलाचा घाणा मोडून किती पिढ्या झाल्या असतील, पण ज्या वाटेने आलो ती वाट नावात लिहिलेली आहे. चँडलरच्या शाळेत त्याच्या शेजारी बसणाऱ्या काळ्या मुलाचे आडनाव जॉन्सन असते किंवा वॉशिंग्टन. त्यात त्याच्या पूर्वजांचे आफ्रिकेतले गाव नाही. १८५० आणि १८६० सालच्या अमेरिकेच्या शिरगणतीत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. त्यांत मालकाचे नाव आहे. गुलामाचे वय आहे, तो स्त्री की पुरुष हे आहे, रंग आहे. गुलामाचे नाव मात्र जवळजवळ कुठेच नाही. सरकारी कागदावर माणूस आहे आणि त्याला नाव नाही! माल्कम लिटल ह्या तरुणाने आपले आडनाव टाकून त्या जागी एक्स लिहिला तो ह्या पुसलेल्या नावाची खूण म्हणून.

कागद जिथे संपतो तिथून ह्या गाण्यांचे काम सुरू होते. मॉस डेफ आणि टालिब क्वेली ह्या ब्रुकलिनच्या दोघांनी १९९८ साली ब्लॅक स्टार ह्या नावाने आपली तबकडी काढली. ते नाव मार्कस गार्वे ह्यांच्या जहाज कंपनीचे. १९१९ साली काळ्या लोकांच्या वर्गणीतून ती उभी राहिली आणि काही वर्षांतच बुडाली. कंपनी बुडाली, पण गाण्याच्या नावातून ती ऐंशी वर्षांनी पुन्हा बंदराला लागली, आणि ज्या पोरांनी गार्वे हा शब्द शाळेत कधी ऐकला नव्हता त्यांनी तो शोधून काढला. ह्याच दोघांनी ब्रुकलिनमधले न्कीरू हे काळ्यांच्या पुस्तकांचे जुने दुकान बंद पडू नये म्हणून विकत घेतले होते. हिपहॉप म्हणजे उनाडांचा धंदा म्हणणाऱ्यांनी सांगावे, आपल्यापैकी किती जणांनी मराठी पुस्तकांचे एखादे बुडते दुकान वाचविले?

डेड प्रेझ ह्या जोडीची 'लेट्स गेट फ्री' ही तबकडी २००० साली निघाली. तीत आफ्रिकन म्हणून स्वतःची ओळख आहे, तसेच शाळेत काय शिकवले जाते, ताटात काय येते, पोलीस कसे वागतात ह्याचाही जमाखर्च आहे. कंपनीच्या करारात ही भाषा फार काळ मावेना, तेव्हा पुढल्या काही तबकड्या त्यांनी लहान कंपन्यांकडून, स्वतःच्या हिकमतीवर काढल्या. पब्लिक एनिमी हा तर नामांकित गट; त्यांनीही मोठ्या कंपनीशी बिनसल्यावर १९९९ साली आपली गाणी सरळ इंटरनेटवरून विकायला काढली, जेव्हा असे करणारे फार थोडे होते. ह्या स्वातंत्र्याचा अर्थ वाचकांना समजावून सांगायची गरज नसावी. वर्गणीवर चालणाऱ्या मासिकाचा वाचक जाणतो की ज्याचा कागद त्याचाच शेवटी शब्द असतो. तबकडीच्या धंद्यात कंपनी आगाऊ रक्कम देते, ती कलावंताच्या वाट्यातून वळती करून घेते, आणि मूळ मुद्रणाची मालकी बहुधा आपल्याकडे ठेवते. गाणे त्याचे, आवाज त्याचा, आजीची आठवण त्याची, आणि सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावाचा.

लॉस एंजेलिसचा निप्सी हसल ह्याने हे ओळखले होते. त्याचे वडील पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियाचे. २००४ साली तो वडिलांबरोबर तिकडे गेला आणि सुमारे तीन महिने राहून आला. जिथे पोलीस, दुकानदार, मंत्री, भिकारी सारेच आपल्या रंगाचे, असा देश त्याने पहिल्यांदा पाहिला. परत आल्यावर त्याने पैसा जमवला तो गाडीवर उधळायला नव्हे, तर आपल्याच वस्तीत जागा आणि दुकान घ्यायला. २०१३ साली त्याने आपल्या गाण्यांच्या एक हजार प्रती प्रत्येकी शंभर डॉलरला विकल्या, आणि तीच गाणी इंटरनेटवर फुकट ठेवली. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, ज्याला हातभार लावायचा त्याने शंभर डॉलर द्यावेत. ३१ मार्च २०१९ रोजी आपल्याच दुकानासमोर गोळ्या घालून त्याचा खून झाला. तरुणपणी तो गुंडांच्या टोळीत होता हे आम्ही लपवीत नाही. पण त्या टोळीतून बाहेर पडायची वाट त्याला एरिट्रियाकडून आणि स्वतःच्या धंद्यातून सापडली, हेही लपवू नये.

"अहो, हे सारे न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसचे, इथल्या वाळवंटात त्याचा काय संबंध?" असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आपल्या दारात आहे.

१९८६ साली ॲरिझोनाच्या गव्हर्नरने मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या नावाची सुटी जाहीर केली. जानेवारी १९८७ मध्ये इव्हान मेकम हे नवे गव्हर्नर आले आणि त्यांनी ती काढून टाकली. नोव्हेंबर १९९० मध्ये मतदारांपुढे प्रश्न गेला, तेव्हाही सुटी नामंजूर झाली. मग अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल हा अंतिम सामना, जो १९९३ साली आमच्या शेजारच्या टेंपी शहरात व्हायचा होता, तो उचलून कॅलिफोर्नियाला नेण्यात आला. ह्याच काळात, १९९१ साली, पब्लिक एनिमीने ॲरिझोनाचे नाव घेऊन एक गाणे केले आणि साऱ्या देशाचे लक्ष इकडे वळवले. त्या गाण्याच्या चित्रफितीत इथल्या अधिकाऱ्यांचे खून दाखविले होते; किंगसारख्या अहिंसावाद्याच्या नावाने असे दाखविणे अनेकांना रुचले नाही, आम्हालाही रुचत नाही. पण नोव्हेंबर १९९२ मध्ये मतदारांनी सुटी मंजूर केली, आणि आज जानेवारीतल्या त्या सोमवारी आपण मुलांना घेऊन ग्रँड कॅन्यन पाहायला जातो. ती सुटी कोणी कशी मिळविली हे मुलाला सांगायला वाटेत चार तास मिळतात.

दुसरी गोष्ट टूसॉनची. २०१० साली राज्याने कायदा केला की शाळांतून विशिष्ट वंशाच्या मुलांसाठी आखलेले, त्यांच्यात वांशिक एकजूट वाढविणारे वर्ग चालू नयेत. जानेवारी २०१५ मध्ये, पायउतार होता होता, राज्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी टूसॉनच्या शाळांना नोटीस दिली. काळ्या लोकांच्या दृष्टिकोनातून शिकविल्या जाणाऱ्या वर्गात केआरएस-वन ह्या ब्राँक्सच्या कलावंताचा हिपहॉपची ओळख करून देणारा एक लेख वाचायला दिला होता. तो कायद्याविरुद्ध ठरविण्यात आला. गाणे नव्हे, शिवी नव्हे, बंदूक नव्हे. आपले संगीत म्हणजे काय हे सांगणारा लेख! मुलांनी त्या ठेक्यावर नाचलेले राज्याला चालत होते. २०१७ साली संघीय न्यायाधीश वॉलेस टाशिमा ह्यांनी निकाल दिला की ह्या कायद्याच्या मागे वंशद्वेष होता. हे टाशिमा स्वतः जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात लहानपणी त्यांना ह्याच ॲरिझोनात, पोस्टनच्या छावणीत, कुटुंबासह डांबून ठेवले होते.

आणि खुद्द चँडलर? जुलै १९९७ मध्ये पाच दिवस इथल्या पोलिसांनी सरहद्दीच्या रक्षकांना बरोबर घेऊन रस्त्यारस्त्यावर, दुकानांबाहेर माणसांना अडविले आणि कागदपत्रे मागितली. चारशेहून अधिक लोक पकडले. मेक्सिकोहून विनापरवाना आलेले शोधायचे होते, परंतु शोधले ते कातडीच्या रंगावरून आणि बोलण्यावरून, आणि ह्याच देशात जन्मलेले नागरिकही त्यात अडविले गेले. दोन वर्षांनी शहराने चार लाख डॉलर देऊन दावा मिटविला. ज्यांना वाटते की संगणकाची पदवी कपाळावर दिसते, त्यांनी ह्यावर विचार करावा.

आणखी थोडे खोलवर जायचे तर ज्या जमिनीवर आपण घरे घेतली तिच्यात कापूस आहे. चँडलरच्या दक्षिणेस, ओकोटिलोच्या बाजूला, जिथे आज इंटेलचे कारखाने आहेत, तिथे १९१७च्या सुमारास गुडइयर कंपनी टायरसाठी कापूस पिकवीत होती. ॲरिझोनाचा कापूस वेचायला टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियानाकडून काळी कुटुंबे आली. त्यांच्या मुलांसाठी फिनिक्समध्ये १९२६ साली वेगळे हायस्कूल बांधले. गोऱ्यांच्या शाळेत त्यांना जागा नव्हती, आणि ती स्थिती १९५०च्या दशकापर्यंत टिकली. मुंबईकराने ह्यावर नाक मुरडू नये. १८६१ ते १८६५ अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला, म्हणून आपल्या मुंबईत पैशाचा पाऊस पडला, आणि त्यातून आजचे शहर वर आले.

आता जी गोष्ट आम्हाला हे लिहावयास लावते ती सांगतो. मागील वर्षी येथील एका मराठी स्नेहसंमेलनात मुलांचे लेझीम होते. ढोलाच्या जोडीला हिपहॉपचा ठेका घालावा अशी कल्पना निघाली, आणि ती चांगलीच होती. तो ठेका आमच्या ओळखीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या वर्गमित्राने आपल्या घरच्या संगणकावर तयार करून दिला. वर्गमित्र काळा. त्याने हलगीचे ध्वनिमुद्रण मागवून घेतले, आठ दिवस ऐकले, आणि तिचा तोल न मोडता खाली आपला ताल बसविला. मराठी मुलाने दहा मिनिटांचे एक टिपण लिहिले: हा ठेका कुठून आला, फुल्यांनी पुस्तक कोणाला अर्पण केले, बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कात कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमच्या शेजारी. मराठीत लिहिले, स्वतःच्या हाताने, चुका काढून. व्यवस्थापकांनी सांगितले की भाषणाला वेळ नाही, शिवाय विषय वादाचा आहे. मग मुलाने मित्राला प्रेक्षकांत बसवायला परवानगी मागितली. तर कार्यक्रम आपल्या लोकांपुरता आहे, असे उत्तर आले. लेझीम झाले, टाळ्या पडल्या, लोकाग्रहास्तव पुन्हा झाले. ठेका कोणी केला हे कोणी सांगितले नाही. ठेका सभागृहात होता, आणि माणूस घरी.

उसने घेण्याला आमचा विरोध नाही, हे पुन्हा सांगतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी गेल्या शतकाआधीच्या शतकात कीर्तनाची पद्धत उचलली आणि अब्राहामाची, योसेफाची, मोशेची आख्याने साकी-दिंडी-ओवीत बसविली. पण ती त्यांनी कोणाकडून घेतली हे त्यांना ठाऊक होते. शेजारच्या देवळातल्या कीर्तनाला ते बसले होते, बुवांना ओळखत होते, आणि आपल्या कीर्तनाला शेजाऱ्यांना बोलावीत होते. गुरूचे नाव न घेता विद्या चालवावी असे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

आमच्या बांधवांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. ह्या आफ्रिकाकेंद्री गाणाऱ्यांपैकी काहींनी यहुद्यांविरुद्ध गरळ ओकली आहे. १९८९ साली पब्लिक एनिमीच्या प्रोफेसर ग्रिफ ह्यांनी एका वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीत आपल्याविषयी जे म्हटले ते अक्षम्य होते. त्यावरून त्यांना गटातून काढले गेले, पुढे ते परतही आले. काही पंथ असे आहेत की जे म्हणतात, खरे इस्राएल आम्ही आणि बाकीचे सारे सोंगाडे. त्यांचे शब्दही अधूनमधून गाण्यांत डोकावतात. ह्याला ठाम उत्तर दिले पाहिजे, आणि ते तोंडावर दिले पाहिजे. पण ते उत्तर त्या वर्गमित्राला सभागृहाबाहेर ठेवून कसे दिले जाते, हे आम्हाला कळत नाही. शिवाय खरेपणाचा दाखला मागितला जाणे म्हणजे काय हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? १९६०च्या दशकात इस्राएलात आपल्या लग्नसंबंधांवर शंका घेतली गेली, आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने आपण सर्वार्थाने यहूदी असल्याचे म्हटले तेव्हा कुठे वाद शमला. दिमोना शहरात आपली कुटुंबे आहेत, आणि त्याच शहरात १९६९ पासून अमेरिकेतून आलेल्या काळ्या हिब्रू लोकांची वस्ती आहे. त्यांचा धर्मविषयक दावा आपल्याला मान्य नाही. तरी शेजार चालतो.

खरे भांडण करायचे तर ते फारोवरून करावे. गुलामीतल्या काळ्या माणसांनी मळ्यांत जी भजने गाइली त्यांत ते स्वतःला मोशेच्या मागून चालणारे समजत, आणि मळ्याचा मालक म्हणजे फारो. एक्स क्लॅनसारख्यांच्या गाण्यांत त्यांचेच पणतू फारोचा मुकुट स्वतःच्या डोक्यावर घालतात, पिरॅमिड आमच्या बापजाद्यांचे म्हणून सांगतात. फारोच्या विटा कोणी वाहिल्या, हे आपण दर पेसाहला जेवणाच्या मेजावर मुलांना सांगतो! इथे आम्ही त्यांच्याशी कडकडून वाद घालू. राजा आपल्या रंगाचा होता म्हणून तो आपला झाला, ही समजूत आम्हाला घातक वाटते, आणि तिच्यावर सर्वांत चांगले उत्तर त्यांच्याच आजीच्या भजनांत आहे. असा वाद घालायला आधी एका मेजावर बसावे लागते.

आणि रंगाची गोष्ट निघालीच आहे तर घरचेही पाहू. आपल्या समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद किती पिढ्या होता? काळ्यांशी लग्नसंबंध होत नसत, पंगतीत भेद होता. हे नाव आपल्याला दुसऱ्या कोणी दिले नव्हते. आफ्रिका तरी आपल्याला परकी कुठे होती? जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबसाणचे. त्यांच्या मुलखात आपली गावे होती, त्यांच्या पदरी आपली माणसे होती, आणि आपले शालोम बापूजी इस्राएल हे त्या संस्थानचे कारभारी होते. काळ्या नवाबाला मुजरा करणाऱ्यांच्या नातवंडांना काळा वर्गमित्र चालत नाही, ही सुधारणा कोणत्या विमानतळावर झाली?

महाराष्ट्रातल्या पोरांना हे नाते शिकवावे लागत नाही. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ह्यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, उघडपणे. आज मुंबईत स्वदेशी ह्या नावाचा रॅप करणाऱ्यांचा गट आहे. त्यांनी २०१९ साली आरे जंगलातले आदिवासी प्रकाश भोईर ह्यांना बरोबर घेऊन वारली लोकांच्या जमिनीवर गाणे केले. ज्याचे गाऱ्हाणे त्याचा आवाज त्या गाण्यात आहे. राज मुंगासे ह्या मराठी रॅपरवर २०२३ साली अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला तो पुढाऱ्यांना चोर म्हटल्याबद्दल. ब्राँक्सची रीत इतक्या लांब पोचली ती नुसत्या विजारी आणि टोप्यांतून नव्हे.

यंदाच्या स्नेहसंमेलनाची आखणी पुढील महिन्यात व्हायची आहे. आम्ही व्यवस्थापकांना लेखी अर्ज दिला आहे. मागणी तीनच गोष्टींची आहे: मुलाच्या टिपणाला दहा मिनिटे, ठेका करणाऱ्याचे नाव छापील कार्यक्रमपत्रिकेत, आणि पुढच्या रांगेतली दोन तिकिटे, एक त्या वर्गमित्राला व एक त्याच्या आईला. तिकिटांचे पैसे अर्जासोबत जोडले आहेत.